स्वस्तातला अल्ट्रावाइड मॉनिटर: दिवसा काम आणि रात्री सिनेमा, दोन्ही जमेल का?

दुभाषी
नमस्कार. मी साताऱ्यात राहून घरून अनुवादाचे काम करतो. डाव्या खिडकीत मूळ इंग्रजी मजकूर, उजवीकडे मराठी मसुदा आणि अधूनमधून शब्दकोश किंवा पारिभाषिक संज्ञांची यादी, अशा तीन गोष्टी मला एकाच वेळी समोर लागतात. सध्या हे सारे १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या जुन्या लॅपटॉपवर चालले आहे आणि दिवसातून किती वेळा खिडक्या खालीवर करतो याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

आता २० हजारांच्या आतबाहेर एक रुंद, म्हणजे २१:९ गुणोत्तराचा मॉनिटर घ्यावा असे मनात आहे. घरात टीव्ही नाही, त्यामुळे रात्री आम्ही दोघे त्याच पडद्यावर सिनेमा पाहू. दुकानात दोन पर्याय दिसले. एक २९ इंची आणि दुसरा त्याहून काही हजारांनी महाग असा ३४ इंची. दोन्हींचे रिझोल्यूशन मात्र २५६० बाय १०८० असे सारखेच आहे. विक्रेता ३४ इंचीचाच आग्रह धरत होता. टेबल ४ फूट रुंद आणि पावणेदोन फूट खोल आहे. दोन साधे मॉनिटर शेजारी ठेवण्याचा सल्लाही मिळाला, पण मधली चौकटीची रेघ मला डोळ्यांसमोर नको आहे. ज्यांनी असा पडदा दोन-चार वर्षे वापरला आहे, त्यांनी अनुभव सांगावेत.

आकडेमोड
विक्रेत्याचे ऐकण्याआधी फूटपट्टीचे ऐका. इंच हे माप कर्णाचे असते, त्यामुळे वेगवेगळ्या गुणोत्तरांच्या पडद्यांची तुलना इंचांवरून केली की फसगत होते. २९ इंची रुंद पडदा सुमारे ६८ सें.मी. रुंद आणि साडेअठ्ठावीस सें.मी. उंच असतो. साधा २४ इंची पडदा सुमारे ५३ सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. उंच असतो. म्हणजे आकडा पाचने वाढला तरी उंची दीड सेंटिमीटरने घटली. ३४ इंची रुंद पडद्याची उंची मात्र साध्या २७ इंची पडद्याएवढी, साधारण ३३ सें.मी. भरते आणि रुंदी ८० सें.मी.च्या आसपास जाते.

आता घनता पाहा. २९ इंचीवर एका इंचात सुमारे ९६ पिक्सेल बसतात, २४ इंची साध्या पडद्यावर ९२ आणि तुमच्या सध्याच्या लॅपटॉपवर १००. तेच २५६० बाय १०८० पिक्सेल ३४ इंचांवर पसरले की ही संख्या ८२ वर उतरते. मजकूर तेवढाच मावतो, फक्त फुगून दिसतो. जास्त पैसे मोजून तुम्ही एकही पिक्सेल जास्त विकत घेत नाही. ३४ इंची घ्यायचाच असेल तर ३४४० बाय १४४० चा घ्यावा, ज्यावर घनता ११० च्या जवळ जाते. मात्र तो तुमच्या २० हजारांत बसणे कठीण आहे.

पडवीकर
थोडक्यात, २९ इंची रुंद पडदा म्हणजे २४ इंची पडद्याला दोन्ही अंगांना पडवी काढलेली. छप्पर मात्र होते तेवढ्याच उंचीवर, किंबहुना बोटभर खालीच.

खतावणी
पडवीची उपमा आवडली. आमचा तर संसारच त्या पडवीत चालतो. मी इचलकरंजीत कर सल्लागाराचे काम करतो आणि चार वर्षांपासून २९ इंची रुंद मॉनिटर वापरतो. एक्सेलमध्ये स्तंभांची मूळ रुंदी तशीच ठेवली, तर साध्या १९२० पिक्सेलच्या पडद्यावर ए पासून एसीपर्यंत २९ स्तंभ दिसतात. या पडद्यावर ते एएमपर्यंत जातात, म्हणजे १० स्तंभ जास्त. ज्यांनी खरेदीची नोंदवही आणि जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी भरलेल्या विवरणांवरून जीएसटीच्या संकेतस्थळावर तयार होणारी यादी) शेजारी ठेवून एकेक बीजक जुळवले आहे, त्यांना या १० स्तंभांची किंमत वेगळी सांगायला नको. पूर्वी मी बीजक क्रमांक एका खिडकीत वाचून, तोंडाने पुटपुटत दुसऱ्या खिडकीत शोधत असे आणि मध्येच कोणी हाक मारली की शेवटचे चार अंक हरवत.

उंचीची तक्रार मात्र खरी आहे. ओळी १०८० पिक्सेलमध्ये जेवढ्या मावायच्या तेवढ्याच मावतात आणि एक्सेलची वरची पट्टी उघडी असली तर त्यातूनही वजाबाकी होते. मी ती पट्टी कंट्रोल आणि एफ-१ दाबून मिटवून ठेवतो.

दोन_पडदे
धागाकर्त्यांना मधल्या रेघेचा तिटकारा आहे हे समजले, परंतु रेघेमुळे नेमके काय बिघडते, ते कोणी सांगत नाही. आपण डावीकडे मूळ मजकूर आणि उजवीकडे मसुदा ठेवणार, म्हणजे रेघ त्या दोहोंच्या मध्येच येणार, जिथे तशीही एक सीमा हवीच असते. सिनेमा एकाच पडद्यावर पाहायचा असतो. मग ती रेघ आडवी येते केव्हा?

दोन साधे २४ इंची पडदे घेतले तर एकूण ३८४० बाय १०८० पिक्सेल मिळतात, म्हणजे या रुंद पडद्याच्या दीडपट. त्यांपैकी एक उभा करता आला, तर ए-४ आकाराचे अख्खे पान एका नजरेत दिसते, आणि अनुवादकाला याहून सोयीचे काय असू शकते? शिवाय एक बिघडून दुरुस्तीला गेला तर दुसऱ्यावर काम चालते. माझ्याकडे सहा वर्षांपासून अशी जोडी आहे आणि त्यांपैकी एक खरोखरच महिनाभर सेवा केंद्रात पडून होता. त्या महिन्यात माझे एकही काम अडले नाही.

दुभाषी
@दोन_पडदे, पानाच्या उंचीचा मुद्दा विचारात पाडणारा आहे. पण माझे टेबल ४ फुटांचे असून त्यावर कोशांचे खंड, दिवा आणि चहाचा कप यांचाही हक्क आहे. शिवाय नव्या पडद्यावर मला मसुदा बरोबर समोर ठेवायचा आहे. दोन सारखे पडदे घेतले तर नाकासमोर नेमकी ती रेघच येते, नाहीतर एक पडदा समोर घेऊन दुसऱ्यासाठी दिवसभर मान एकाच बाजूला वळवावी लागते. मला मूळ मजकूर आणि शब्दकोश दोन बाजूंना आणि मसुदा मध्ये हवा आहे.

मुद्रितशोधक
आकडेमोड यांनी घनतेचे गणित सांगितले, मी त्याचा परिणाम सांगतो, कारण मी नेमकी ती चूक केली होती. तीन वर्षांपूर्वी मी ३४ इंची, २५६० बाय १०८० चा मॉनिटर घेतला. इंग्रजी मजकूर त्यावर बरा दिसे. इंग्रजी अक्षरांना वर-खाली फार काही लटकत नाही. देवनागरीचे तसे नाही. एका अक्षराच्या उंचीत रफार, मात्रा, अनुस्वार, खालचा उकार आणि जोडाक्षराचा अर्धा पाय, एवढे सगळे बसवायचे असते. ‘कार्यकर्त्यांच्या’ हा शब्द लहान टंकात घेऊन पाहा. ‘र्त्यां’वरचा रफार आणि अनुस्वार मिळून एकच काळपट ठिपका होतो, आणि तो ठिपका कशाचा आहे हे डोळ्यांनी न वाचता सवयीने ठरवावे लागते.

मुद्रिते तपासणाऱ्याला सवयीने वाचणे परवडत नाही. ‘घरात’ आणि ‘घरांत’ यांतला फरक एका अनुस्वाराचा आहे, आणि एका कथासंग्रहाच्या मुद्रितात ‘त्यानी’ हा शब्द ‘त्यांनी’ समजून मी सरळ पुढे गेलो होतो. छापून आल्यावर लेखकाने तो शांतपणे दाखवला. त्यानंतर मी टंक मोठा करून काम करू लागलो. टंक मोठा केला की खिडकीत ओळी कमी मावतात, आणि मग रुंद पडदा घेतला कशासाठी, हा प्रश्न उरतोच. शेवटी तो मॉनिटर भाच्याला खेळांसाठी दिला आणि २९ इंची घेतला. त्यावर अक्षर बारीक पण नीट दिसते. विंडोजमधली क्लिअरटाइपची जुळणी एकदा जरूर करून घ्यावी. त्यात मजकुराचे नमुने दाखवून तुमच्या डोळ्यांना कोणता स्वच्छ वाटतो ते विचारतात, आणि पाच मिनिटांच्या त्या कामाने बराच फरक पडतो.

फ्रीमाँटचा_पाहुणा
मॅक वापरणाऱ्यांसाठी एक पुरवणी. सबपिक्सेलचा, म्हणजे पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांचा आधार घेऊन अक्षर गुळगुळीत करण्याची पद्धत ॲपलने २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून सोडून दिली, त्यामुळे कमी घनतेच्या पडद्यावर मॅकमधली अक्षरे विंडोजपेक्षा जास्त पुसट वाटतात. मी इकडे कॅलिफोर्नियात २९ इंची पडदा मॅकबुकला जोडून पाहिला होता. सिनेमासाठी ठीक वाटला, पण मराठी वाचायला मी पुन्हा लॅपटॉपच्याच पडद्याकडे वळत असे. धागाकर्त्यांकडे विंडोज असावे असे गृहीत धरतो.

तारा_जोडणारा
कोणीही केबलबद्दल बोलले नाही, म्हणून मी बोलतो. जुन्या लॅपटॉपला मॉनिटर जोडण्याआधी त्याच्या एचडीएमआयची, म्हणजे चित्र बाहेर नेणाऱ्या खोबणीची, कुवत तपासा. एचडीएमआय १.४ असेल तर २५६० बाय १०८० हे रिझोल्यूशन ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवत, आरामात चालते. अगदीच जुन्या लॅपटॉपांत मात्र ही वाट १९२० बाय १२०० च्या पुढे जात नाही. तसे झाले तर चित्र ताणलेले तरी दिसते, नाहीतर दोन्ही बाजूंना काळे तरी राहते, आणि माणूस विनाकारण मॉनिटरला दोष देतो.

३४४० बाय १४४० चा पडदा घेणाऱ्यांना हा मुद्दा अधिक लागू आहे. नाशिकच्या आमच्या कार्यालयात एकाने हौसेने तसा पडदा आणला आणि जुन्या लॅपटॉपला जोडला, तेव्हा तो ३० हर्ट्झवरच चालू लागला. माउसचा बाण हाताच्या मागून फरफटत येत होता. त्याने दोन वेळा माउस बदलला. लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट असेल, किंवा ज्यातून चित्रही बाहेर जाते असे टाइप-सी असेल, तर ती वाट आधी वापरावी. सगळ्या टाइप-सी खोबणींतून चित्र जातेच असे नाही, हेही लक्षात असू द्यावे.

सावकाश
दोन वेळा माउस बदलला! तिसऱ्यांदा टेबल बदलले असते.

तिसरी_घंटा
सिनेमाचा भाग माझ्याकडे घेतो, कारण या पडद्याच्या जाहिरातीत सर्वांत मोठे आश्वासन तेच असते आणि ते अर्धेच खरे आहे.

चित्रपटगृहासाठी काढलेल्या बऱ्याच चित्रपटांचे गुणोत्तर २.३९:१ च्या आसपास असते, आणि या मॉनिटरचे सुमारे २.३७:१ असते. असा चित्रपट लागला की पडदा काठोकाठ भरतो आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. परंतु मालिका, क्रिकेट, बातम्या आणि यूट्यूबवरचा बहुतेक माल १६:९ मध्ये, म्हणजे साध्या पडद्याच्या गुणोत्तरात येतो. तो १०८० पिक्सेल उंचीत बसवला की रुंदी १९२० वर थांबते आणि दोन्ही बाजूंना ३२० पिक्सेलचे काळे पट्टे उरतात. २९ इंचीवर प्रत्येक पट्टा साडेआठ सें.मी. भरतो. म्हणजे क्रिकेट तुम्ही २४ इंचीहून जरा लहान पडद्यावरच पाहता. जुने कृष्णधवल मराठी चित्रपट सुमारे १.३७:१ गुणोत्तराचे असतात. त्यांना बाजूंचे पट्टे १४ सें.मी.पर्यंत वाढतात आणि मधले चित्र खिडकीतून डोकावल्यासारखे दिसते. मला स्वतःला ते खटकत नाही. जुना चित्रपट ताणून पाहण्यापेक्षा पट्टे परवडले.

खरा घोळ पुढे आहे. काही वेळा रुंद चित्रपटसुद्धा १६:९ च्या चौकटीत, वरखाली काळे पट्टे पक्के भरूनच येतो. तो या पडद्यावर लावला की चित्रपटाचे पट्टे वरखाली, पडद्याचे पट्टे डावीउजवीकडे आणि मध्ये १९२० बाय सुमारे ८०० पिक्सेलचे चित्र, अशी टपालाच्या तिकिटासारखी अवस्था होते. संगणकावर उतरवलेली फाइल व्हीएलसीमध्ये पाहत असाल तर सी हे बटण दाबत राहिले की कापण्याची वेगवेगळी गुणोत्तरे एकामागून एक येतात, आणि योग्य ठिकाणी थांबले की चित्र पडदाभर होते. ब्राउझरमध्ये पाहताना त्यासाठी वेगळे एक्स्टेन्शन टाकावे लागते. आणि तळाच्या काळ्या पट्ट्यात उपशीर्षके असतील तर चित्राबरोबर तीही कापली जातात. म्हणजे परभाषेतला चित्रपट असेल तर पुन्हा टपालाचे तिकीट.

काळा रंग खरोखर काळा हवा असेल तर पॅनेल कोणते आहे तेही विचारा. आयपीएस आणि व्हीए हे पॅनेलचे दोन प्रकार. आयपीएसचा कंट्रास्ट, म्हणजे पांढरा आणि काळा यांच्या उजेडातला फरक, साधारण १०००:१ आणि व्हीएचा ३०००:१ च्या घरात असतो. दिवे मालवून पाहिल्यास आयपीएसच्या कोपऱ्यांतून राखाडी उजेड झिरपताना दिसतो. व्हीएवर काळा गडद मिळतो, पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यात पात्र धावले की मागे सावली फरफटते. दिवसभर अक्षरे वाचणाऱ्याने आयपीएस घ्यावे आणि सिनेमाच्या वेळी मागच्या भिंतीवर एक मंद दिवा लावावा, असे माझे मत आहे. खोक्यावरच्या ‘एचडीआर’ (उजेड आणि अंधार यांतला जास्त मोठा फरक दाखवण्याची सोय) या शब्दाकडे स्वस्त मॉनिटरच्या बाबतीत दुर्लक्ष केले तरी चालेल. तेवढा प्रखर उजेड त्यांच्यात नसतो.

खतावणी
@तिसरी_घंटा, सेट-टॉप बॉक्स जोडणाऱ्यांचा प्रसंग राहिला. आमच्या वडिलांनी बॉक्स या मॉनिटरला जोडला, तेव्हा चित्र आपोआप पडदाभर ताणले गेले. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा दोन्ही कानांपर्यंत पुरणपोळीसारखा लाटला गेला होता आणि वडील चार दिवस तसेच पाहत होते. मॉनिटरच्याच मेनूमध्ये चित्राचे गुणोत्तर ‘मूळ’ ठेवण्याची सोय असते, ती निवडली की बाजूंना पट्टे येतात आणि चेहरा जागेवर येतो. वडिलांना मात्र आधीचेच आवडले होते, पट्ट्यांमुळे पडदा वाया जातो असे त्यांचे म्हणणे होते.

रात्रपाळी
वयाने लहान असल्याने फक्त खेळांबद्दल सांगतो. २५६० बाय १०८० वर साध्या फुल एचडीपेक्षा एकतृतीयांश पिक्सेल जास्त काढावे लागतात, म्हणून ग्राफिक्स कार्डावर ताण वाढतो, पण साधारण कार्डाला तो झेपतो. ३४४० बाय १४४० वर मात्र हेच काम जवळजवळ २.४ पट होते, तेव्हा मॉनिटरच्या पैशांबरोबर कार्डाचेही पैसे बाजूला ठेवावे लागतात. गाड्यांच्या शर्यतीत दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो, तो आनंद वेगळाच आहे. व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ मात्र रुंद पडद्यावरही १६:९ मध्येच चालतो, आणि प्लेस्टेशन ५ तर २१:९ देतच नाही. मुद्रितशोधक काकांच्या भाच्याचा हेवा वाटला.

चष्मेवाला
पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी एक सूचना. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा आहे. अशा भिंगात स्वच्छ दिसणारा पट्टा मधोमध अरुंद असतो आणि कडांना चित्र वाकडे दिसते. २४ इंचीवर हे कधी जाणवले नव्हते. रुंद पडद्याच्या कडेला काय आहे ते पाहण्यासाठी नुसते डोळे फिरवून भागेना, मान वळवावी लागे, आणि मजकूर भिंगाच्या खालच्या भागातून स्पष्ट दिसत असल्याने हनुवटीही वर करावी लागे. पंधरवड्यात मान आखडली. नेत्रतज्ज्ञांनी संगणकाच्या अंतरासाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून दिला, तेव्हा कुठे हा मॉनिटर मला पुरा दिसू लागला. जाताना मी डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजून ६५ सें.मी. असे चिठ्ठीवर लिहून नेले होते. धागाकर्त्यांचे टेबल पावणेदोन फूट खोल आहे, आणि त्यातले वीसेक सें.मी. मॉनिटरचा पाय खातो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

दोन_पडदे
@चष्मेवाला यांनी जी मान वळवण्याची गोष्ट सांगितली, ती दोन पडद्यांवरही लागू आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

बैठकबहाद्दर
घरून काम करणाऱ्यांनी पडदा सामायिक करताना जपावे. मी पहिल्याच बैठकीत अख्खा रुंद पडदा दाखवला. समोरच्यांकडे साधे लॅपटॉप होते, त्यामुळे माझा पडदा त्यांना मधोमध एक अरुंद पट्टी होऊन दिसला आणि त्यात एक्सेलचे आकडे होते. आमच्या वरिष्ठ बाई शांतपणे म्हणाल्या, “आम्हाला मुंग्यांची रांग दिसते आहे, ती कोणत्या तिमाहीची आहे तेवढे सांगा.” तेव्हापासून मी एकच खिडकी सामायिक करतो. झूममध्ये पडद्याचा ठरावीक भाग दाखवण्याचीही सोय आहे. तो चौकोन १६:९ च्या जवळपास ओढून ठेवला की काम भागते.

सावकाश
खिडक्या नीट बसवण्याची तजवीज केली नाही तर रुंद पडद्यावर रुंद पसारा होतो. विंडोज ११ मध्ये खिडकी मोठी करण्याच्या बटणावर बाण नेला की मांडणीचे पर्याय उघडतात आणि पुरेशा रुंद पडद्यावर त्यांत तीन स्तंभांची मांडणीही असते. विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टचेच पॉवरटॉइज फुकट मिळते. त्यातल्या फॅन्सीझोन्समध्ये आपल्याला हवे तसे वाफे आखता येतात. दुभाषी यांच्या कामासाठी मी ६४०, १२८० आणि ६४० पिक्सेल असे तीन वाफे आखीन. शिफ्ट दाबून खिडकी ओढली की ती नेमकी वाफ्यात जाऊन बसते.

आकडेमोड
६४० पिक्सेलच्या वाफ्यात बरीच संकेतस्थळे आपण मोबाइलवर आहोत असे समजून उघडतात. मूळ मजकूर पीडीएफ असेल तर त्याला किमान ८०० द्यावेत.

पडवीकर
किमतीवरून आठवले. ३२ इंचांची एक अदृश्य रेषा बरीच वर्षे होती. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्यापुढच्यांवर २८ टक्के. २९ आणि ३४ इंची पडद्यांच्या किमतींतील दरीत या १० टक्क्यांचा वाटा असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरांवरचा करही १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे जुन्या धाग्यांतील किमती पाहून ३४ इंचीवर फुली मारू नये, आजची किंमत पाहावी. खतावणी चूक असल्यास सांगतीलच.

खतावणी
चूक नाही. मात्र करकपातीनंतर विक्रेत्याने किंमत खरोखर उतरवली की नाही, ते बिलावर पाहावे.

सावली_४२
खरेदी ऑनलाइन करणार असाल तर माझा अनुभव ऐका. मी एका संकेतस्थळावरून असा मॉनिटर मागवला. खोके बाहेरून धडधाकट होते, आत पॅनेलवर वरपासून खालपर्यंत एक हिरवी उभी रेघ होती. मी खोके फोडतानाचे चित्रीकरण केले नव्हते. विक्रेत्याने कंपनीकडे बोट दाखवले, कंपनीच्या माणसाने घरी येऊन वाहतुकीतील मार असल्याचा शेरा दिला आणि वाहतुकीचे नुकसान कंपनीच्या हमीत बसत नाही असे सांगून तो निघून गेला. सतरा दिवस आणि तेवीस ई-मेलनंतर पैसे परत मिळाले. दुसऱ्या वेळी मी शहरातल्या दुकानात गेलो, आठशे रुपये जास्त दिले आणि तिथेच चालू करून घेतला. पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच कोरे रंग पडदाभर लावून प्रत्येकाकडे मिनिटभर पाहावे. मेलेला किंवा अडकलेला पिक्सेल यांपैकी एकावर तरी दिसतोच. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा.

मुद्रितशोधक
एक राहिले. स्वस्त मॉनिटरांचा पाय बहुधा फक्त पुढेमागे कलतो, वरखाली होत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी, आणि २९ इंचीची उंची मुळातच कमी असल्याने तो फार खाली राहतो. मी दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे खाली लावले आहेत. पाठीवर १०० बाय १०० मि.मी.ची भोके असतील तर नंतर हलता हात बसवता येतो, म्हणून घेतानाच ती पाहून ठेवावीत.

दुभाषी
सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दीड महिना लागला, कारण घेऊन, वापरून मगच लिहायचे ठरवले होते.

आकडेमोड यांची मापे वाचून मी आधी शेजाऱ्यांच्या फ्रिजच्या खोक्यातून दोन पुठ्ठे कापले, एक ६८ बाय साडेअठ्ठावीस सें.मी.चा आणि दुसरा ८० बाय ३३ चा, आणि ते आळीपाळीने टेबलावर भिंतीला टेकवून समोर बसलो. मोठ्या पुठ्ठ्यावर माझ्या मजकुराची छापील पाने टाचणीने लावली तेव्हा डावीकडचे पान वाचताना मान वळत होती, कारण डोळे आणि पुठ्ठा यांत जेमतेम ५५ सें.मी. अंतर होते. लहान पुठ्ठ्यावर ती वळली नाही. पत्नीने विचारले की हा पुठ्ठा कितीला पडला.

२९ इंची आयपीएस मॉनिटर गावातल्याच दुकानातून साडेसतरा हजारांना घेतला. पाच रंगांची परीक्षा केली. दुकानदार काळ्या रंगापर्यंत टिकला. लॅपटॉपच्या एचडीएमआयने ६० हर्ट्झ दिले. वाफे ८००, १२०० आणि ५६० असे आखले आहेत. मध्ये मसुदा, डावीकडे पीडीएफ आणि उजवीकडे संज्ञांची यादी बसते. दिवसाला पाने किती वाढली ते मोजलेले नाही, पण संध्याकाळी ऑल्ट-टॅबच्या बोटाला जो ठणका लागे तो बंद झाला. रफार आणि अनुस्वार १४ च्या टंकात वेगवेगळे दिसतात, १२ च्या टंकात डोळे ताणावे लागतात.

सिनेमाच्या बाबतीत तिसरी_घंटा यांचे शब्द खरे ठरले. आठवड्यात एखादा रुंद चित्रपट पाहतो तेव्हा मजा येते. पत्नीच्या मालिकांना दोन्हीकडे साडेआठ सें.मी.चे पट्टे आहेत, आणि “एवढा मोठा घेतलास आणि वापरतोस मधलाच,” हे वाक्य मी रोज ऐकतो. आवाजासाठी वेगळे स्पीकर आणावे लागले, कारण याच्या पोटातला आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो.

उंचीची उणीव मात्र भासतेच. मसुद्यात एका वेळी पाऊण पान दिसते. त्यावर उपाय म्हणून लॅपटॉप न मिटता मॉनिटरच्या डाव्या बाजूला उघडा ठेवू लागलो आहे. ई-मेल, शब्दकोश आणि संज्ञांची यादी आता त्याच्यावर असतात, आणि यादीची जागा मसुद्याला दिली आहे.

दोन_पडदे
म्हणजे शेवटी दोन पडदेच झाले. आणि मधली रेघ?

दुभाषी
आहे. तिथे चहाचा कप ठेवतो.